पाणी उतरेपर्यंत

कपाट पुलाखालून जाणार नाही, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. होडीवाल्या लीव्हिओनं इंजिन बंद केलं, पुलाच्या ओल्या कमानीला हात लावून होडी थोपवली आणि सामानानं गच्च भरलेली ती होडी हळूच भिंतीला टेकवली. मग नीवेसकडे न बघताच तो म्हणाला,

"आडवं झोपवू या म्हणत होतो मी."

"आईचं कपाट आहे ते. आरशाचं. आडवं केलं की आरसा तडकतो."

"मग राहू दे उभं. आपण बसू या."

तोवर नीवेसनं या माणसाकडे धड पाहिलंही नव्हतं. सकाळी तो आणि त्याचा जोडीदार जिन्यावरून सामान उतरवत होते, तेव्हा ती रिकाम्या खोल्यांतून उगीचच केर काढत फिरत होती. जोडीदार दुसऱ्या कामाला निघून गेला आणि हा एकटा तिचं बिऱ्हाड घेऊन निघाला. आता तिनं पाहिलं. चाळिशीचा असेल. कानशिलावरचे केस पिकलेले, भुवयांवर पावसाचे बारीक थेंब. दमलेला दिसत होता, पण चिडलेला नव्हता.

"किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"भरती आत्ता कुठे थांबलीये. पाणी वीतभर उतरलं की निघू. दोन तास तरी... जास्तच."

"आणि पलीकडे ट्रक थांबलाय त्याचं काय?"

"ट्रकवाला माझा मावसभाऊ आहे. शिव्या देईल, पण थांबेल."

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीच्या व्हेनिसमधली. नीवेस तिथेच जन्मली, तिथेच अडतीस वर्षांची झाली, आणि त्या दिवशी ते शहर सोडून खाडीपलीकडच्या मेस्त्रेला राहायला चालली होती. घरमालकाला तिच्या खोल्या पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या होत्या. खालचा पाववाला केव्हाच गेला होता आणि तिथे मुखवट्यांचं दुकान आलं होतं. मुखवटा दारात मिळे, पण सुईदोरा आणायला अर्धं शहर तुडवावं लागे. आणि वर तिची नोकरी! एका जुन्या राजवाड्याच्या तिकीट खिडकीत ती वर्षानुवर्षं बसत आली होती. खिडकीशी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "बघण्यासारखं आहे का हो?" ती "आहे" म्हणायची आणि तिकीट फाडायची. शेवटी शेवटी तर प्रश्न पुरा होण्याआधीच "आहे" म्हणायची.

ती थकली होती, दुसरं काही नाही. जाताना रडायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. आणि आता आपल्याच गल्लीच्या टोकाला, आपल्याच पुलापाशी ती अडकून बसली होती.

लीव्हिओनं गादीवर ताडपत्री ओढली. तिच्याच स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या कमानीच्या आडोशाला मांडल्या. डब्यातून पाव आणि चीज काढून अर्धं तिच्यापुढे केलं.

"घ्या. उपाशी माणसाला वाट बघणं जड जातं."

"तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांना जेवू घालता?"

"नाही. बाकीच्यांची कपाटं आडवी होतात."

तिला हसू आलं. ते लपवायला तिनं मोठा घास घेतला. तेवढ्यात वरची खिडकी धाडकन उघडली आणि शेजारच्या आमालियामावशीचं पांढरं डोकं बाहेर आलं.

"अगं ए नीवेस! पलंग आहे, गादी आहे, पुरुष आहे... लग्न केलंस आणि मला सांगितलं नाहीस?"

"मावशी, हे सामान न्यायला आलेत!"

"मग काय झालं? माझा नवराही कोळसा द्यायलाच आला होता!"

खिडकी बंद झाली. नीवेसचे कान लाल झाले. लीव्हिओ दोरीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत राहिला.

पुलावर आता बघे जमायला लागले होते. पुलाखाली अडकलेली होडी, तिच्यात पलंग, आरशाचं कपाट आणि शेजारी शेजारी बसून पाव खाणारी दोन माणसं... कॅमेरे कटकट वाजू लागले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मिलानोहून आलेलं एक जोडपं कठड्यावर वाकलं. त्यातली बाई वैतागलेली होती, बूट भिजलेले होते.

"बाई, तुम्ही इथल्याच ना? मग खरं सांगा. एवढं नाव ऐकून आलो आम्ही. दोन दिवस नुसती गर्दी आणि वास! कॉफीचा भाव ऐकूनच जीव घाबरतो. आहे का हो हे शहर नावासारखं?"

नीवेस सवयीनं "आहे" म्हणणार होती. पण तोंडातून निघालं भलतंच.

"गर्दी तुमचीच आहे. आणि वास ओहोटीचा. ओहोटी नसती तर हे शहर कधीच कुजून गेलं असतं. पहाटे मासळीबाजारात गेलात का? धुक्यात पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही, नुसता त्याचा खोकला ऐकू येतो, आणि त्या खोकल्यावरून आम्ही ओळखतो कोण आहे ते! हिवाळ्यात तुम्ही सगळे निघून गेलात की पाण्याचा आवाज घरात उशाशी येतो... ते तुमच्या फोटोत कसं येणार?"

त्या बाईनं अगदी साधेपणानं विचारलं, "मग तुम्ही का सोडून चाललात?"

नीवेसच्या हातातला पाव तसाच राहिला.

"मॅडम," लीव्हिओ वर बघून म्हणाला, "मी बिऱ्हाडं हलवतो. कारणं विचारायची आमच्यात पद्धत नाही."

जोडपं ओशाळून पुढे गेलं. नीवेसनं मान खाली घातली. जे करायचं नाही असं ठरवलं होतं तेच होत होतं, आणि ते थांबवायला तिच्यात त्राण नव्हतं. लीव्हिओनं तिच्याकडे पाठ केली आणि मुळीच गळत नसलेल्या होडीतलं पाणी उपसायला लागला. बराच वेळ उपसत राहिला.

"मीसुद्धा मेस्त्रेतच राहतो," मग तो पाठमोराच म्हणाला. "नऊ वर्षं झाली."

"तुम्ही? होडीवाले असून?"

"रोज सकाळी येतो, इथलं एक घर रिकामं करतो, संध्याकाळी परत जातो. पहिल्यांदा माझ्या आईचंच घर रिकामं केलं."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण दमलेल्या माणसाला वाईट वाटायलाही बसायला जागा लागते. तिथे लिफ्ट आहे, खाली पाववाला आहे. तो मला नावानं हाक मारतो." तो वळला. "आणि आज तुम्ही त्या बाईला जे सांगितलंत... ते मी विसरलोच होतो हो. धुक्यातला खोकला!"

मग ते बोलतच राहिले. कोणाचं घर कुठल्या गल्लीत होतं, कोणती शाळा बंद पडली, कोण कोण पलीकडे गेलं. पाऊस थांबला. भिंतीवर, पाण्याच्या वर, ओल्या शेवाळाचा हिरवा पट्टा दिसायला लागला होता – आधी बोटभर, मग वीतभर, मग त्याहूनही जास्त. नीवेसच्या समोरच होता तो पट्टा. ती बघत होती आणि बोलत होती. लीव्हिओच्या डोक्यावर, कपाट आणि कमान यांच्यामध्ये उजेडाची चांगली रुंद फट पडली होती. त्यानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"बरं, मग त्या बेकरीवाल्याच्या मुलीचं काय झालं?" त्यानं विचारलं.

वरची खिडकी पुन्हा उघडली.

"अरे, पाणी केव्हाचं उतरलंय! आंधळे झालात की काय दोघं?"

दोघंही खिडकी लागण्याची वाट बघत राहिले, पण मावशी आता कोपर टेकून छान बसली होती.

"तुम्हाला दिसलं नव्हतं?" नीवेसनं हळूच विचारलं.

"दिसलं होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं सोडा. मी आपला हमाल माणूस. तुम्ही तर इथे जन्मलात, पट्टा तुमच्या नाकासमोर होता... तुम्ही का नाही बोललात?"

तिनं ओठ दाबले, तरी ते हसलेच.

"हं," लीव्हिओ म्हणाला. "मग निघायचं? का भरतीची वाट बघू?"

"निघू या," ती म्हणाली. "थकलेय मी, लीव्हिओ. खरंच थकलेय. पण... हळू चालवा."

होडी कमानीखालून सहज निघाली. तो मागच्या टोकाला उभा राहून सुकाणू सांभाळत होता, ती पुढे बसली होती. त्याच्याकडे बघायचं तर मागेच बघावं लागत होतं. त्याच्या खांद्यामागे घरं, पूल, आमालियामावशीचा हलणारा हात, सगळं लहान लहान होत गेलं. नीवेसनं एकदाही नजर हटवली नाही.

मेस्त्रेला सामान चढवून होईस्तोवर दिवे लागले. मावसभाऊ पोटभर शिव्या देऊन ट्रक घेऊन निघून गेला.

"चला, समोर वाइनचा एकेक पेला घेऊ," लीव्हिओ म्हणाला.

नीवेस पदपथाच्या कडेला येऊन थबकली. गाड्या सुसाट येत होत्या, एकीमागून एक. व्हेनिसमध्ये गाड्याच नव्हत्या; जन्मभर असा रस्ता तिनं कधी ओलांडलाच नव्हता.

"या थांबत नाहीत का?"

"नाही थांबत. हात द्या."

तिनं हात दिला. खरखरीत, गरम तळवा होता. दोघं धावतच पलीकडे पोचले. दुकानवाला टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवत होता. बंद, असं त्यानं मानेनंच सांगितलं.

"अरेच्चा!" लीव्हिओ खजील झाला. "आता?"

नीवेसनं हात सोडवून घेतला नाही. तिनं वाहत्या रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता परत ओलांडू या."