चौथा हँडसेट

जालन्यात टेलिफोन दुरुस्त करणाऱ्या गोरक्षनाथला भुताचं भय कधी वाटलं नाही. त्याचं म्हणणं असं, की भूत असतं तर एव्हाना कुठल्या तरी तारेत सापडलंच असतं. वीस वर्षांत त्याला तारांत उंदीर सापडले, पाली सापडल्या, एकदा तर कुणाची तरी कवळी सापडली. भूत काही सापडलं नाही. म्हणून जूनमधल्या एका दुपारी एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीतून ‘कॉर्डलेस फोनमध्ये आवाज येतोय’ असा निरोप आला, तेव्हा तो मस्तगडातल्या दुकानाचं शटर अर्धंच ओढून निघाला. अर्ध्या तासाचं तर काम!

ऑफिसात औषध लावलेल्या बियाण्याचा उग्र वास कोंडला होता. हेल्पलाइनच्या टेबलाशी सत्यशीला बसली होती. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यांचे फोन घ्यायचं काम ती आठ वर्षं करत होती. तिच्यासमोर फोनचा बेस होता आणि त्याच्या अँटेनाला लिंबू-मिरची बांधलेली होती.

"हे कुनी बांधलं, ताई?"

"अण्णासाहेबांनी."

अण्णासाहेब म्हणजे मालक.

"मंग काही फरक?"

"लिंबू वाळलं," सत्यशीला म्हणाली. मग आवाज खाली आणून सांगू लागली, "भाऊ, दुपारचे दोन वाजले की लाइनीत कुनीतरी कण्हतंय. आधी खरखर, मंग कण्हनं. परवा शहागडच्या एका शेतकऱ्यानं इचारलं, बाई, तुमच्याकडं कुनी आजारी हाय का? काल एकानं तर फोनच ठेवला. म्हनला, रडतं बियानं आपल्याला न्हाई पेरायचं."

तेवढ्यात अण्णासाहेब केबिनच्या दारात आले. "गोरक्षनाथ, आज आवाज गेला पाह्यजे. न्हाई तर उद्यापासून ही पॅकिंग हॉलमधी जाईल अन् फोनवर दुसरं कुनी बसंल. हिच्या हाताला फोनच लाभून न्हाई राह्यला." एवढं बोलून ते आत गेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. गोरक्षनाथला मनापासून वाईट वाटलं. सत्यशीला हँडसेट हातात घट्ट धरून म्हणाली, "माझा भुतावर इश्वास न्हाई, भाऊ. पन त्यांचा हाय, अन् खुर्ची त्यांची हाय."

गोरक्षनाथनं बाह्या सरसावल्या. आधी लिंबू-मिरची सोडली. बेस राउटरला खेटून होता, तो लांब सरकवला. खरखर निम्मी झाली. अ‍ॅडॉप्टर बदलला. चहाच्या खोलीतला ओव्हन बंद केला, कूलर बंद केला, ट्यूबलाइटचा जुना चोक गुणगुणत होता तोही गप्प केला. खरखर पार गेली. गोरक्षनाथनं मिशीवर ताव दिला, हँडसेट कानाला लावला... आणि आतून कुणीतरी कण्हलं.

"आता?" सत्यशीलानं विचारलं.

"आता मेन स्विच. एकदा समदंच बंद करून पाहू."

ऑफिस बंद पडलं. बेस तेवढा बॅटरीवर राहिला. उन्हासाठी लावलेल्या जाड पडद्यांमुळे भरदुपारी आत अंधार झाला. पंखे थांबत थांबत थांबले. बियाण्याचा वास एकदम दाट झाला, नाकातून घशात उतरला. दोघांनी एकाच हँडसेटला दोन बाजूंनी कान लावले.

बराच वेळ काहीच नाही. मग खोलवरून, जमिनीखालून यावा तसा एक लांब आवाज आला. चढत गेला... थांबला... आणि शेवटी बारीक शीळ घालून विरला.

गोरक्षनाथची वीस वर्षांची बढाई कुठल्या कुठे पळाली. त्यानं डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं. आवाज पुन्हा चढला, थांबला, शीळ वाजली. तिसऱ्यांदा शीळ वाजली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"ताई... भूत घोरतंय का हो?"

"म्हंजे?"

"हे घोरनं हाय! ह्या बेसवर हँडसेट किती?"

"तीन. पयले चार होते."

"मंग चौथा कुठं?"

सत्यशीलानं कपाळावर हात मारला. गोदाम सांभाळणारे तातेराव मार्चमध्ये निवृत्त झाले होते. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि जाताना तातेराव आपला हँडसेट काही हातातून सोडेनात. डोळ्यांत पाणी आणून उभे. अण्णासाहेबांना गहिवर आला आणि त्यांनी तो श्रीफळाबरोबरच त्यांच्या ओटीत घातला. हार घालायचं सुचलं, पण बेसमधून त्याची नोंद काढायचं काही कुणाला सुचलं नाही.

तातेरावांची खोली गोदामाच्या भिंतीला लागूनच होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा! दोघं गेले तर तातेराव बाजेवर गाढ झोपलेले, हँडसेट गालाखाली आणि गालानंच दाबलेलं बटण. जाग आल्यावर म्हातारा हँडसेट छातीशी धरून कासावीस झाला.

"तेवढा ऱ्हाऊ द्या रे... याच्याबिगर झोप न्हाई लागत."

गोरक्षनाथनं त्यातली बॅटरी फक्त काढून घेतली आणि हँडसेट परत गालाखाली ठेवला. परत येऊन बेसमधून त्याची नोंदही पुसली. वीज सुरू केली, पंखे फिरले. फोन कानाला लावला तर लाइन नितळ. सत्यशीला आठ दिवसांनी पहिल्यांदा हसली. केबिनमधून अण्णासाहेबांनी आपला हँडसेट लावून पाहिला आणि जाहीर केलं, "बास! सत्यशीला बसू दे जागेवर!" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

एवढ्यात रिंग वाजली. सत्यशीलानं पदरानं डोळे टिपले आणि हँडसेट उचलला. गोरक्षनाथ तपासणीसाठी तिसऱ्या हँडसेटवर ऐकत होता.

"नमस्कार, सत्यशीला बोलून राह्यले. सांगा दादा."

गोरक्षनाथनं समाधानानं मान वर केली. सत्यशीला त्याच्याकडेच बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

"बाई, पेरनीला रान तयार हाय, सरकी कधी टोबू?" पलीकडून शेतकऱ्यानं विचारलं.

"घाई नका करू, दादा. जमिनीत ईतभर वल गेल्याबिगर टोबू नका." तोच आवाज, तीच लकब. सत्यशीलानं एक हात तोंडावर दाबून धरला. आवाज चालूच राहिला.

"लई बेस सांगितलं बाई. उद्या बी तुम्हीच असताल न्हवं फोनवर?"

"उद्यापासून मीच," फोन म्हणाला. "रोज."

केबिनमधून, हँडसेट अजून कानालाच लावून बसलेल्या अण्णासाहेबांची खूश हाक आली, "वा रे गोरक्षनाथ! बिलकुल साफ झाली लाइन! सत्यशीला, असंच बोलत जा बरं का!"