चौदा, अधिक-उणे दोन

झेरॉक्स मशीनसमोर गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला तिनं मशीन दुरुस्त करणारा समजलं, यात तिची काही चूक नव्हती. बाह्या कोपरापर्यंत वर, बोटांना काळी शाई, नाकाच्या शेंड्यावरही एक ठिपका.

"जरा लवकर होईल का?" ती म्हणाली. "प्रती काढून मला अर्ज तपासून घ्यायचाय."

"कोणाकडून?"

"विद्यार्थी देवाणघेवाण निधीचे कोणी तपासनीस आहेत म्हणे. फार किचकट माणूस आहे असं ऐकलंय."

तो उठला, रुमालानं हात पुसले आणि 'तपासनीस' अशी पाटी असलेल्या टेबलामागे जाऊन बसला.

"या. किचकट माणूस मोकळा आहे."

तिचे कान तापले. पण कामच असं होतं, की पळून जायची सोय नव्हती.

ती एका छोट्या खगोल मंडळात मुलांना शिकवायची. दोन खोल्या, एक गच्ची आणि मुलांनी स्वतः आरसा घासून बनवलेली दुर्बीण. मुलं तिला दुर्बीणताई म्हणत. समुद्रापलीकडे, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, असंच एक मंडळ होतं. दोन वर्षं पत्रं जात-येत होती. इथून कधीच न दिसणारे तारे आपल्या मुलांनी तिथं जाऊन पाहावेत, एवढीच तिची इच्छा. निधी मात्र सतराच्या आतल्या मुलांनाच मिळे, आणि तिची निम्मी मुलं पुढच्या वर्षी त्या वयापुढे जाणार होती. यंदा नाही तर कधीच नाही. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.

तपासनीसाचं बोट दुसऱ्याच ओळीवर थांबलं. "विद्यार्थी संख्या... १४ ± २?"

"दोघांच्या घरचं अजून नक्की नाही. आणि आणखी दोघी येऊ शकतात. अंदाज आहे, तर त्यातली त्रुटी लिहायला नको?"

"म्हणजे विमानात अधिक-उणे दोन खुर्च्या ठेवा, असं सांगू?"

तिनं हसू दाबलं... पण ते निसटलंच.

"आणि हे बघा," तो मऊ आवाजात म्हणाला, "तुमची मुलं जाणार, हे कळलं. त्यांची मुलं इकडे येतील ती राहणार कुठं? नुसतं जाणं चालत नाही, येणंही लागतं. प्रत्येक यजमान घराचं संमतीपत्र जोडा. शिवाय तिकडच्या मंडळाचं सहीचं पत्र."

बुधवारी ती परत आली. चौदा नावं पक्की, तेरा संमतीपत्रं.

"एक घर कमी आहे."

"माझं लिहा. आई कधीची म्हणतेय, घर फार शांत आहे."

"तुमच्या घरी... आईच?"

"हा प्रश्न अर्जात आहे?"

"नाही," तो गडबडून म्हणाला. मग फाइलीकडे बघत, "मागच्या वेळी जाता जाता तुम्ही सांगितलेला तांबूस तारा काल शोधला. अर्धा तास टक लावून बसलो. शेवटी कळलं, टॉवरचा दिवा होता."

ती इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. कार्यालयातला शिपाईसुद्धा तिला ताई म्हणायचा. हा तेवढा एकदाही म्हणाला नव्हता, हे घरी जाताना तिच्या लक्षात आलं.

शुक्रवारी तीनला ती पूर्ण फाइल घेऊन आली. त्यानं हातही लावला नाही.

"हा अर्ज मॅडम तपासतील."

"का? परवापर्यंत तर तुम्हीच..."

"नियम आहे," तो म्हणाला आणि उठून गेला.

मॅडमनी एकेक पान सावकाश उलटलं. घड्याळ चार चाळीसवर गेलं. अखेर शिक्का उमटला आणि तिचा श्वास मोकळा झाला.

"एक राहिलं," मॅडम म्हणाल्या. "तपासनीस बदलला, तर त्याचं निवेदन अर्जदारानं वाचून सही करायची असते."

ती वाचू लागली. *अर्जदाराशी नातं : नाही. अर्जाकडे निःपक्षपातीपणे पाहू शकाल का? : नाही. कारण : निकाल काहीही लागो, अर्जदार पुन्हा इथं याव्यात असं मला वाटतं.*

तिनं दोनदा वाचलं. सही जरा वाकडी आली.

तो झेरॉक्स मशीनपाशी उभा होता, कानापर्यंत लाल.

"निकाल कधी?" तिनं विचारलं.

"सहा आठवड्यांनी. समिती ठरवते."

"मग तोवर भेटायचं नाही. माझ्या मुलांच्या अर्जावर कोणी बोट ठेवायला नको."

"आणि... नंतर?"

"टॉवर आणि तारा यांतला फरक शिकायला कोणीतरी लागेलच ना तुम्हाला?"

त्रेचाळिसाव्या दिवशी पत्र आलं. चौदाच्या चौदा मंजूर! संध्याकाळी गच्चीवर नुसता गोंधळ. तेवढ्यात जिना चढून तो आला.

"दुर्बीणताई, हे कोण?" मुलांनी गलका केला.

"हे? झेरॉक्स मशीन दुरुस्त करतात."

तो गालातल्या गालात हसला आणि दुर्बिणीच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. पुढची मुलगी डोकी मोजत होती. "ताई, चौदाच ना आपण?"

"चौदा अधिक एक."

"उणे?" त्यानं हळूच विचारलं.

"उणे काही नाही," ती म्हणाली, आणि तांबूस ताऱ्याकडे दुर्बीण वळवली.