आंबट गुलामान

"गुलामान आहे का? गारेगार, एक पेला."

समुद्रकाठच्या पासुकिन गावच्या बाजारात बर्फाची गाडी लावून आर्नेलने विचारलं आणि ठेल्यावरच्या फेलिसाने त्याच्यापुढे बशी ठेवली. समुद्रातलं ताजं शेवाळ, टोमॅटो, कांदा, वरून उसाचा व्हिनेगर. त्या मनिलाकराने मोठा घास घेतला आणि त्याचं तोंड असं वाकडं झालं, की फेलिसाला हसू आवरेना.

"हे... गुलामान?"

"इथे हेच. ती साखरेच्या पाण्यातली जेली तुमच्या मनिलात मागा."

"ती कशाची करतात मग?"

"याचीच. उकळून उकळून जीव काढतात, मग गोड लागतं."

त्याने बशी संपवली. पुढच्या शनिवारी पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. आला की बर्फाचा खडा तिच्या मनगटावर ठेवायचा... आणि ती हात मागे घ्यायची नाही.

"सहा शनिवार झाले, अजून तोंड वाकडंच?"

"सरळ ठेवलं तर काय देशील?"

फेलिसा शेवाळ धूत राहिली. मग खालमानेनेच म्हणाली, "तोंड वाकडं न करता बशी संपवलीस ना... तर माझ्या बाबांशी बोल."

पुढच्या शनिवारी गाडीवर दुसराच माणूस होता. चार महिने तोच येत राहिला. फेलिसा मात्र शेजारणीकडून गोड गुलामान शिकली. दर शनिवारी एक वाटी लावायची आणि संध्याकाळी भावंडं ती फस्त करायची. वेडीच होती.

डिसेंबरात आर्नेल आला. सोबत बायको, पोट दिसू लागलेली.

"ताई, एक पेला गुलामान द्या," ती म्हणाली.

"इथे ते आंबट असतं गं," आर्नेल घाईने म्हणाला. "उकळून जीव काढला, की गोड लागतं."

"लग्नाआधीपासून हेच ऐकवतोय," बायको हसली.

"कितवा?" फेलिसाने विचारलं.

"सहावा लागला."

म्हणजे तो बर्फाचा खडा ठेवायचा, तेव्हाच... फेलिसाने पुढचा हिशेब केला नाही. गोड वाटी तिला दिली, बशी त्याला.

आर्नेलने मान खाली घालून शेवटच्या काडीपर्यंत खाल्लं. तोंड जराही वाकडं झालं नाही.

"अय्या, आवडतं तुला?" बायकोने विचारलं.

"सवय झाली," तो म्हणाला.

फेलिसाने बशी उचलली. दहा पावलांवर तिचे बाबा जाळं विणत बसले होते. त्यांच्याकडे कुणीच गेलं नाही.