अकरा मैल

गोष्टीची सुरुवात एका कवळीपासून झाली.

कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि ती घराच्या मागच्या खोलीत, अडकणाऱ्या कडीच्या दाराशी बसून मेण, प्लास्टर आणि बारीक हत्यारं घेऊन लोकांना त्यांचं हसू परत मिळवून द्यायची. सगळे तिला कवळीवालीच म्हणत, आणि त्यात तिलाही काही वावगं वाटत नसे. त्या दुपारी ती एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी तयार कवळी पोचवायला गेली होती. बाई ऐंशीला टेकलेल्या, एकट्याच राहायच्या. कवळी बसली. बाईंनी आरशासमोर उभं राहून बाराखडीतली चार अक्षरं म्हणून पाहिली आणि मान डोलावली. कवळीवाली निघाली, तेवढ्यात तिचं लक्ष अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडे गेलं. ताडपत्रीखालून एक हिरवं मडगार्ड डोकावत होतं. गोल, गुबगुबीत, धुळीने माखलेलं.

तिचे पाय तिथेच थांबले. वडील ट्रकचे मेकॅनिक. लहानपणी इतर मुली भातुकली मांडत, तेव्हा ही गिअरबॉक्सचे दाते मोजत बसायची. ताडपत्रीचं टोक उचलायची परवानगीसुद्धा तिने मागितली नाही.

दोन सीटची, उघड्या टपाची, साठ वर्षांपूर्वीची स्पोर्ट्‌स कार. लांबलचक बॉनेट. चारही टायर बसलेले. उंदरांनी सीटचा काथ्या ओढून काढलेला.

"माझ्या भावाची," बाई मागून म्हणाल्या. "एकतीस वर्षं तिथेच उभी आहे. तो गेला त्यालाही सहा वर्षं झाली. हवी असेल तर घेऊन जा."

"अशीच?"

"अशीच. फक्त एक ऐक, पोरी. चालू झाली की मला सांग. पण माझ्या दारात आणू नकोस."

का, ते बाईंनी सांगितलं नाही, आणि हिरव्या रंगावर जीव जडलेल्या कवळीवालीने ते विचारलंही नाही.

पुढची चार वर्षं कवळीवाली दिवसा दात करायची आणि उरलेल्या वेळात गाडी. कार्ब्युरेटरची केसाएवढी भोकं तिने दातांच्या सुईने साफ केली. इंजिनच्या मागची गळती शोधायला तोंडात घालायचा छोटा आरसा वापरला. रेडिएटर उघडून पाहिला, तर आत गंजाचा चिखल. नवा गाभा बसवला. पाण्याचा पंप, गॅस्केट, ब्रेकचे पाइप, एकेक गोष्ट हाताखालून गेली. बस डेपोत वेळापत्रकं बनवणारा तिचा नवरा त्यांच्या घरच्या शेडच्या दारात चहाचा कप धरून उभा राहायचा.

"अगं, माणसं बायकोवर सवत आणतात. तू नवऱ्यावर आणलीस."

"तुम्ही तो पाना द्या आधी."

"कुठला?"

"जो तुमच्या पायाखाली आहे तो."

चौथ्या वर्षी एका रविवारी सकाळी इंजिन चालू झालं. आधी खोकलं, मग गुरगुरलं, मग एका लयीत बोलायला लागलं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. तिचे मात्र डोळे भरून आले, आणि ते लपवायला ती उगाच बॉनेटखाली वाकली. गल्लीतून एक फेरी मारून तिने गाडी शेडमध्ये लावली आणि वहीत आकडा टिपून ठेवला. मैलांचं मीटर ४१,२०६.

सोमवारी सकाळी ती ऑइल बघायला गेली. मीटर ४१,२१७.

शेडला कुलूप होतं. चावी तिच्या कमरेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मी?" तो म्हणाला. "मला स्कूटर स्टँडवर लावताना घाम फुटतो!"

मंगळवारी ४१,२२८. बुधवारी ४१,२३९. रोज अकरा. एक कमी नाही, एक जास्त नाही. बॉनेटला हात लावला तर कोमट. आणि शेजारच्या सीटला एक वास होता, डोकेदुखीच्या बामचा, थंड आणि उग्र. तिच्या घरात तसला बाम कुणी लावत नव्हतं.

ती घाबरली, पण मेकॅनिकची मुलगी. आधी बिघाड शोधायचा, मग भ्यायचं. तिने बॅटरी काढून घरात आणली. गुरुवारी अकरा वाढलेच. मग गाडी लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवून चारही चाकं उतरवली आणि मीटरची तार सोडवून टेबलावर ठेवली. शुक्रवारी सकाळी शेड उघडताना नवरा तिच्या दंडाला धरून उभा होता.

चाकं भिंतीला टेकलेली. तार टेबलावर. मीटर ४१,२६१.

"अकरा," नवरा हळूच म्हणाला. त्याचा सगळा जन्म गाड्या किती वाजता सुटतात नि किती वाजता पोचतात यात गेलेला. "अगं... ही रोज कुठेतरी जायला निघते. आणि अकरा मैलांवर थांबते."

त्याच दुपारी ती बाईंच्या घरी गेली. सगळं ऐकून बाई बराच वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिल्या.

"आमच्या दारापासून चढावरच्या त्या वळणापर्यंत अकरा मैल," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटल तेराव्या मैलावर."

मग त्यांनी सांगितलं. एका संध्याकाळी आईच्या छातीत कळ आली. घरात वाहन एकच, भावाची ही हिरवी. भावाने आईला शेजारी बसवलं. सीट दोनच. बाई दारातच राहिल्या. भाऊ घाबरलेला. पाय पुरता दाबून, वरच्या गिअरमध्येच गाडी चढावर रेटत गेला. अकराव्या मैलाला इंजिन उकळलं, वाफेचा लोट उठला आणि गाडी बंद पडली. मागून ट्रक येईपर्यंत दोन तास गेले. तोवर आई गेली होती.

"त्यानंतर त्याने गाडीला हात लावला नाही. मरेपर्यंत एकच वाक्य. 'ताई, दोनच मैल राहिले होते गं.'"

कवळीवाली उठली. भीती गेली नव्हती, पण आता तिला बिघाड सापडला होता.

"बाई, परवा मी गाडी तुमच्या दारात आणणार आहे. तुम्हाला न विचारता."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग चष्मा पुसला. "किती वाजता?"

ठरल्याप्रमाणे रविवारी दुपारी दोन वाजता, जेमतेम दोन गल्ल्या ओलांडून, हिरवी बाईंच्या दारात उभी राहिली. बॅटरी, चाकं, तार, सगळं जागच्या जागी. मीटर ४१,२८३. नवरा मागे स्कूटरवर, पायाशी पाण्याचे दोन कॅन, डोक्यावर हेल्मेट दाबून बसवलेलं. बाई कानटोपी घालून, काठी मांडीवर आडवी ठेवून शेजारी बसल्या. दारातून गाडी सुटली तेव्हा त्यांनी वळून त्या रिकाम्या उंबऱ्याकडे पाहिलं.

पहिले नऊ मैल सोन्यासारखे गेले. आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. इंजिन असं चाललं होतं की कवळीवाली मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत होती. दहाव्या मैलाला चढ लागला आणि रस्त्यावर धुकं उतरलं. आरशातला स्कूटरचा दिवा मागे पडत पडत दिसेनासा झाला.

आणि बामचा वास आला.

"पोरी..." बाई म्हणाल्या. "माझी मांडी जड झालीय."

"पाय आखडला असेल."

"नाही. कुणीतरी... डोकं ठेवल्यासारखं."

कवळीवालीने रस्त्यावरची नजर हलवली नाही. पाण्याच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला होता. हे व्हायला नको होतं. नवा रेडिएटर, नवा पंप. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

पेडल वर आलं नाही. खालीच गेलं. तिचा पाय हवेत होता आणि पेडल पार तळाला टेकलेलं.

इंजिन कण्हायला लागलं. तिने क्लच दाबून गिअर खाली ओढायला हात घातला. दांडा हलेना. मुठीवर काहीतरी गार होतं. घामेजलेल्या तळव्यासारखं. ते तिच्या बोटांवरून दाबून धरत होतं, आणि घोगऱ्या, धापा टाकणाऱ्या श्वासाचा आवाज तिच्या अगदी कानाशी येत होता. तिच्याच सीटवरून. जणू ती कुणाच्या तरी मांडीवर बसून गाडी चालवत होती.

काटा लाल रेघेला भिडला. उकळत्या पाण्याचा गोडसर वास नाकात घुसला. ब्रेक दाबून थांबावं, असं तिच्या मनात आलं. पण थांबायचं तर इथेच, याच वळणावर...

"बाई," ती कशीबशी म्हणाली, "तो पाय उचलत नाहीये. मी सांगून ऐकणार नाही. तुम्ही सांगा."

बाईंनी एक हात मांडीवरच्या त्या न दिसणाऱ्या भारावर ठेवला आणि दुसरा पुढे करून गिअरच्या दांड्यावर, कवळीवालीच्या हातावर टेकवला. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज. मोठा नाही, पण हलायचं नाही असं सांगणारा.

"भाऊ. पाय उचल."

इंजिन आक्रोश करत होतं.

"घाबरू नकोस. आईला मी धरलंय. मी आलेय ना बरोबर? आता दोघं मिळून नेऊ. उचल, बाळा... हळू."

कानाशी येणारा श्वास एकदा अडखळला. मग एक लांब, थकलेला उसासा.

पेडल वर आलं.

गारवा बोटांवरून निघून गेला आणि दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरला. कवळीवालीने दुसरा गिअर टाकला, हीटर पुरता उघडला. इंजिनची आग हीटरमधून ओढून घ्यायची, ही युक्ती वडिलांची. पायांवर भट्टीसारखी गरम हवा यायला लागली. दोघी घामाने निथळल्या. इंजिनचा कण्हण्याचा सूर बदलला, उंच झाला, मोकळा झाला. वळण आलं. मैलाचा दगड धुक्यातून वर आला, शेजारून सरकला आणि मागे गेला.

"गेलं!" बाई ओरडल्या. "पोरी, ते वळण मागे गेलं!"

काटा एक केस खाली आला. मग आणखी एक. चढ संपला, धुकं फाटलं आणि समोर उतारावर ऊन पडलेलं. कवळीवाली हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. बाईंनी कानटोपी काढून हातात धरली होती आणि त्यांचे पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. "हान गाडी!" त्या म्हणाल्या. आयुष्यभर शुद्ध भाषा शिकवलेल्या बाई.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये पुढची चाकं चढली आणि मीटरचा शेवटचा आकडा फिरला. ४१,२९६. पुरते तेरा. बाईंनी मांडीकडे पाहिलं, मग हळूच दोन्ही हात उचलले.

"उतरली," त्या म्हणाल्या.

बामचा वास हवेत विरून गेला. वीस मिनिटांनी नवरा पोचला, घामाघूम, दोन्ही कॅन भरलेलेच. त्याने मीटर वाचलं, घड्याळ पाहिलं आणि पोर्चच्या पायरीवर फतकल मारून म्हणाला, "पस्तीस वर्षं लेट. पण पोचली."

तिघं इतकी हसली की आतून चौकीदार बघायला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर जागचं हललं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी निघाली. अठ्ठावीस गाड्या, त्यात पाच वाटेत रुसल्या. हिरवी सगळ्यात आधी चढ चढून गेली. बक्षीस घ्यायला कवळीवालीने बाईंना पुढे केलं. नव्या कवळीने बाई अशा हसल्या की फोटोग्राफरने तो फोटो तीनदा काढला.

बुधवारी दुपारी कवळीवाली मागच्या खोलीत एका माणसाचे वरचे दात मेणात बसवत होती. फोन वाजला.

"हॉस्पिटलमधून बोलतेय, बायकांच्या वॉर्डमधून," एक घाईतला, साधा आवाज म्हणाला. "हिरव्या गाडीतून तुम्ही ज्या आजींना आणलंत ना, त्या आता ठणठणीत आहेत. आज घरी सोडतोय."

तिच्या हातातलं मेण घट्ट होत चाललं होतं. "कुठल्या घरी?" तिने विचारलं.

"अहो, तुमच्याच. पत्ता त्यांनीच लिहून दिलाय." पलीकडे कागदाची सळसळ झाली. "न्यायला यायची गरज नाही म्हणाल्या, सोबत मुलगा आहे. मागच्या खोलीच्या दाराने येतील. त्याची कडी अडकते, जरा उचलून ओढावी लागते, ते माहीत आहे म्हणाल्या... हॅलो? निघून अर्धा तास झाला त्यांना."