कालिंदीचा विरोधी उमेदवार

कालिंदी जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. वर जायचं नाही, हे तिचं ठरलं होतं.

सभा अपंग सेवा मंडळाची, आणि भरली होती पहिल्या मजल्यावर. शिपाई पिराजी दोनदा येऊन गेला होता. "ताई, मी उचलून नेतो की."

"उचलायला मी काय पोतं हाय?" कालिंदी म्हणाली होती. पोलिओनं डावा पाय लहानपणीच गेला होता, पण कॅलिपर बांधून, दोन कुबड्यांवर ती रोज शाळेत जाई आणि सातवीच्या पोरांना गणित शिकवी. बाहेर श्रावणाची झिरमिर चालू होती. शेजारी आडव्या टाकलेल्या कुबड्यांवर बारीक तुषार येत होते.

तेवढ्यात वरून टकटक करत एक पांढरी काठी उतरली आणि कुबडीला अडली.

"इथं कुणीतरी आहे," काठीवाला म्हणाला. आवाज भारदस्त... पण आत कुठंतरी हसणारा.

"हाय की. सभेला आलोय."

"सभा वर आहे."

"ठाऊक हाय. मी खाली हाय. सभेनं खाली यावं."

त्यानं कान टवकारले. "आवाज तर बाईंचा — आणि 'आलोय'?"

"कोल्हापुरात नवे दिसता. आम्ही पोरी असंच बोलतो."

"नाशिकचा मी. अंबादास. इथं बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे. वर जाऊन तुमच्या वतीनं सांगू का?"

"वतीनं नको. कालिंदी खाली बसलीय आणि तिला बोलायचंय, एवढंच सांगा."

तो वळून वर गेला. थोड्याच वेळात जिन्यावरून खुर्च्या उतरू लागल्या, मागोमाग माणसं. सगळ्यात शेवटी काठी. कालिंदी आवाज न करता हसली, आणि तरी त्यानं नेमकी तिच्याच दिशेला मान झुकवली.

एक्याऐंशी साल अपंग वर्ष म्हणून गाजत होतं. मंडळाचे अध्यक्ष सयाजीराव लाकडाच्या वखारीचे मालक, धडधाकट आणि मनानं चांगले. व्हरांड्यात उभं राहून ते म्हणाले, "दिवाळीनंतर मोठा कार्यक्रम घेऊ. तुम्ही पुढं बसायचं. तुमच्या वतीनं मी बोलेन."

"काका, तुमचे उपकार हायतच," कालिंदी म्हणाली. "पण आम्हाला तोंड हाय की. आणि मंडळ आमचं, तर अध्यक्ष आमच्यातला का नको?"

कुणीतरी मागून टाळी वाजवली. मग बऱ्याच वाजल्या. सयाजीराव गडबडले, पण अडून बसले नाहीत. "बरं. गणपती झाल्यावर निवडणूक घ्या."

निम्म्यांनी कालिंदीचं नाव सुचवलं, निम्म्यांनी अंबादासचं.

सभासद पेठापेठांतून आणि आसपासच्या गावांत विखुरलेले. मतं मागायला दोघांनाही त्याच घरी जायचं, म्हणून रिक्षा एकच ठरली.

"तुम्ही फार भांडता," अंबादास म्हणायचा. "माणसं घाबरतात."

"तुम्ही फार गोड बोलता. माणसं झोपतात."

"तुम्ही तर नाही झोपलात कधी."

ती रिक्षाबाहेर पावसाकडं बघायची. आपले तापलेले गाल याला दिसत नाहीत, एवढं तरी बरं...

"गप्प झालात म्हणजे लाजता तुम्ही," तो सावकाश म्हणायचा. "कळतं मला."

गडमुडशिंगीला एका सभासदाची आई, धोंडुबाई, चहा देताना दोघांकडं कौतुकानं बघत म्हणाली, "आंधळ्याच्या खांद्यावर पांगळं. देवानं जोडी बेस जमवलीया. ह्याचं पाय, तिचं डोळं."

म्हातारी मायेनंच बोलली. पण कालिंदीनं अर्धा चहा तसाच खाली ठेवला. स्वतःच्या बळावर उभं राहायला तिनं उभा जन्म झुंज दिली होती, आणि मन कुणावर जडलं तर लोकांनी आधीच सांगून ठेवलेली गोष्ट तयार. दुसऱ्या दिवशी तिनं वेगळी रिक्षा केली. त्यानं कारण विचारलं, तर "वेळ न्हाय" म्हणाली.

निवडणूक तिनं थोडक्यात जिंकली. "अभिनंदन, अध्यक्षीणबाई," तो म्हणाला. तिनं कोरडे आभार मानले आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं.

कार्यक्रम जवळ आला, तसे सयाजीराव एक कल्पना घेऊन बैठकीला आले. "अंबादासच्या आधारानं कालिंदी स्टेजवर येईल. मी अंध-पंगूची गोष्ट सांगेन. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. मंडळाला इमारतसुद्धा मिळून जाईल."

इमारत... सगळे तिच्याकडं बघू लागले. सगळ्यांना इमारत हवी होती, तिलाही.

"न्हाय," ती म्हणाली. "लोकांना रडवून काही नको. काय पाहिजे ते मी उभं राहून मागतो."

"आणि नाही दिलं तर?" सयाजीरावांनी विचारलं.

"तर पुन्हा मागू," अंबादास कोपऱ्यातून म्हणाला. "मी हरलेला उमेदवार. पण बाईंचं खरं आहे."

कार्यक्रमाच्या दिवशी ती आपल्या कुबड्यांवर, आपल्या चालीनं स्टेजवर गेली. तळमजल्यावरची जागा, पायऱ्यांशेजारी उतरता रस्ता, कामावर घेताना पायाऐवजी काम बघणारा मालक — एवढंच मागितलं. सभागृहात कुणी रडलं नाही. माणसं पुढं सरकून ऐकत राहिली. इमारत मिळाली नाही. पण एका पाहुण्यानं स्वतःच्या दुकानामागचे तळमजल्यावरची दोन खणांची जागा मंडळाला वापरायला दिली. सयाजीराव तिच्याजवळ येऊन म्हणाले, "पोरी, एवढं रोखठोक मागायला मी धजलो नसतो."

त्या संध्याकाळी अंबादासनं तिला रंकाळ्यावर बोलावलं. पाण्यावरून गार वारा येत होता. दोघं कट्ट्यावर बसली, मध्ये वीतभर अंतर ठेवून.

"माझ्याशी बोलणं का सोडलंत?"

"धोंडुबाई म्हणाली ते... ऐकलंत की तुम्ही."

"मला वाटलं, मी आवडत नाही तुम्हाला."

"आवडता. तीच तर अडचण हाय." आता शब्द परत घेता येणार नव्हते, आणि घ्यायचेही नव्हते. "लोक म्हणतील, बघा, गोष्ट खरी झाली."

"म्हणू देत. डोळे मागायला मी आलो नाही, कालिंदी. काठी पुरते मला. पण तू बोलत नव्हतीस ना... तेव्हा बँकेत दिवसभर आवाज ऐकायचो, आणि त्यातला एकही ऐकावासा वाटायचा नाही."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मधलं वीतभर अंतर तिनंच सरकून संपवलं.

"आणि एक," तो म्हणाला. "पुढच्या निवडणुकीला मी पुन्हा उभा राहणार आहे."

"राहा की. परत पाडतो."

"स्वतःच्या नवऱ्याला?"

भेळेच्या गाडीवर कुणीतरी घंटी वाजवली. कालिंदीनं त्याचा हात आपल्या हातात घेतला, घट्ट.

"नवरा असला म्हणून काय झालं," ती म्हणाली. "पाडतोच."