तापीच्या उतारावरची मोटार

ब्रेक दुरुस्त करायला गेलो होतो, बाकी काही नाही. अठ्ठावन्न साल असेल. प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीकाठच्या एका गावात बन्सीलाल पाटील म्हणून केळीचे मोठे बागाईतदार होते. त्यांच्या वडिलांनी लढाईच्या आधी घेतलेली विलायती मोटार गोठ्याशेजारी उभी असायची. तिला तेलाचे ब्रेक नव्हते. पॅडलपासून एक सळई गाडीखालच्या आडव्या दांड्याला, आणि त्या दांड्यापासून चार सळया चार चाकांना. चारही चाकांनी सारखं धरलं तर गाडी सरळ थांबते, नाहीतर गर्रकन फिरते.

मी एकेक चाक जॅकवर उचललं, नट आवळले, हाताने फिरवून अंदाज घेतला. जेवण करून गावातल्या सपाट रस्त्यावर चालवून पाहिली. झक्क थांबली.

"आते उतारवर देखूत, मिस्त्री," शेजारी बसत बन्सीलाल म्हणाले.

सपाटीवर धरणाऱ्या ब्रेकचा भरवसा नसतो, आणि त्या मुलखात उतार एकच, नदीचा. दोन्ही बाजूंना उंच दरडी, मधून बैलगाडीपुरती वाट, खाली पाणी.

"या वखतले तठे कोन्ही नही ऱ्हास," ते म्हणाले.

चैताचं ऊन होतं, वारा पडलेला. गिअर काढून मी गाडी उतारावर सोडली, पॅडल दाबलं. थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा थांबली. वळणापाशी पोचलो आणि पायाखाली काहीतरी कडकन मोडलं. पॅडल थेट फळीला टेकलं. हातब्रेक ओढला, तोही त्याच दांड्यावर चालायचा. नुसताच हातात आला. गिअर टाकायला गेलो तर दात करकरले, पडेना.

वळणाखाली बाया दिसल्या. धुणं घेऊन बसलेल्या, पाण्यात पोरं. सगळ्यांत अलीकडे बन्सीलालची बायको, रंजनाबाई.

"सरका... सरका वं!" बन्सीलालनी तोंड उघडलं, पण आवाज जेमतेम माझ्यापर्यंत आला.

मग गाडी मंदावली.

धक्का नाही. चाकं घासली नाहीत. उधळलेल्या बैलाला ओळखीच्या माणसाने कपाळाला हात लावून थोपवावं, तशी ती जड होत होत थांबली. अगदी धुण्याच्या दगडांजवळ. भर उन्हात गार चिखलाचा वास आला, खोल डोहाच्या तळाला असतो तसा.

आम्ही उतरलो. बन्सीलालची आत्या, दगूबाई, पदर पुढे ओढून पाठमोरी उभी होती. घरातल्या मोठ्या पुरुषासमोर बाई उभी राहते तशी.

"आत्या... काय व्हयनं?"

"त्या माणूसले पानी तरी द्या," ती हळूच म्हणाली. "एकलानी धरी ठेवी गाडी..."

"कोन माणूस?"

रंजनाबाईने गाडीच्या पुढ्याकडे बोट केलं. "आठेच व्हता... वाकीसन. दोन्ही हात लाईसन..."

मी मागे पाहिलं. आमच्या चाकोऱ्यांच्या मधोमध, टाचा रुतवत कुणी मागे मागे सरकत यावं तशा दोन रेघा होत्या. वळणापासून थेट गाडीखालपर्यंत. गाडीच्या पुढे ओली रेती. तिच्यावर कुणी निघून गेल्याचं एकही पाऊल नव्हतं.

बन्सीलालनी चपला काढल्या, रेघेतली माती कपाळाला लावली. मीही लावली. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी होतं. छाती भरून आली होती आणि तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

जरा वेळाने मी रेडिएटर पाहायला पुढे गेलो. पितळ इतकं तापलेलं की जवळ हात नेववेना. आणि त्यावर पंज्यांचे दोन ओले ठसे. बैल आणून गाडी वर ओढली, गोठ्याशी उभी केली, तरी ते वाळले नाहीत.

दिवस कलला, पितळ गार झालं, तेव्हा मी माझे हात त्यांच्यावर ठेवून पाहिले. उजवा बरोबर बसला. डावा काही केल्या बसेना. अंगठा चुकीच्या बाजूला येत होता.

बाया एकच माणूस पाहिला म्हणत होत्या. ठसे मात्र दोन्ही उजव्या हाताचे होते.