निळ्या धुराचा गुन्हेगार

"ताई, माझ्या इंजिनाचा कुणीतरी खून केलाय," रुचिका म्हणाली, आणि लडकूमामांच्या बशीतला चहा शर्टावर सांडला.

लडकूमामा म्हणजे नेत्रा तरे हिचे सख्खे मामा. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आणि आता भाचीच्या भिवंडीतल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात बिनपगारी मदतनीस. एरवी तिथं कामं यायची ती लग्नाआधीच्या चौकशीची, मुलगा पितो का, खरंच नोकरी करतो का, अशी. खून म्हटल्यावर मामांना हुरूप आला आणि इंजिनाचा म्हटल्यावर तो ओसरला. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

रुचिकाचं अंजूरला मोटारसायकलचं गॅरेज. पूर्णा गावच्या मनोजची गाडी निळा धूर ओकायला लागली, म्हणून दिवाळीनंतर तिने इंजिन वरून उघडलं. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून नव्याने कातून घेतला, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या. गाडी सुतासारखी सरळ झाली. आणि होळी येते न येते तोच पुन्हा धूर.

"मनोज म्हणतो, मी जुन्याच रिंगा घातल्या. गावभर बोभाटा झालाय. बाबा गाळा टायरवाल्याला द्यायला निघालेत, उद्याच. मग मी काय घरी बसून भाकऱ्या थापू?"

"संशय कुणावर?" नेत्राने विचारलं.

"विपुलवर. समोरच गॅरेज हाय त्याचं. मधे ऑइल त्याने बदललं. त्यात वाळू टाकली असणार."

मामांनी मान डोलावली. त्यांच्या मते गुन्हेगार तिथंच सापडला होता.

अंजूरच्या गॅरेजच्या दारात रुचिकाचे बाबा, महादू, तोंड फुगवून बसले होते. टेबलावर इंजिन उघडं पडलेलं. रुचिकाने सिलिंडर पुढे धरला. वरच्या बाजूला भिंतीवर उभे ओरखडे होते, तर तळाशी नव्या बोअरच्या तिरप्या रेघा अजून जशाच्या तशा. रिंगा झिजून पात्यासारख्या झालेल्या, त्यातही सगळ्यात वरची जास्त.

"आणि खाली?" नेत्राने विचारलं.

"खाली काय नाय. कनेक्टिंग रॉड घट्ट, ऑइलची जाळीही साफ."

मामांना स्वस्थ बसवेना. त्यांनी गाडीच्या हवेच्या पाइपात बोट घातलं, फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या मधोमध. बोटाला करकरीत माती लागली. ती त्यांनी चहाच्या डागाशेजारीच शर्टाला पुसली.

"फिल्टर बघितलास?" नेत्राने रुचिकाला विचारलं.

"बघितला ना. दुधासारखा पांढरा हाय."

समोरचा विपुल भलताच गुर्मीत होता. "ऑइल बदललं, बस्स. पोरींनी इंजिनं उघडली की हेच व्हायचं."

"फिल्टर काढला होतास?"

"हात नाय लावला. झाकणाचे स्क्रू उघडून उघडून पार गुळगुळीत झालेले. परत बसले नसते तर माझ्या नावाने खडे फोडले असते."

पूर्ण्यात मनोजच्या घरी जाताना गोदामांच्या ट्रकांनी एवढी धूळ उडवली, की मामा खोकून बेजार झाले. तिथं अंगणातली तुळससुद्धा राखाडी दिसत होती.

"दिवसा याच रस्त्यावर पार्सलं टाकतो," मनोज म्हणाला. "रात्री गाडी चिंधूदादा नेतो, कारखान्यात. माझा मोठा भाऊ. गाडीला माझ्यापेक्षा तोच जपतो."

चिंधू पॉवरलूमवर होता. कारखान्यात खडखडाटाने कान फुटायची वेळ, हवेत कापसाचा भुगा. तो कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन लूम फुंकून काढत होता. मग त्याच पाइपाने त्याने स्वतःचे केस झटकले.

शेजारचा कामगार हसला. "चिंधूभाई अपनी हर चीज़ चकाचक रखते हैं."

"भावाची गाडी हाय, ताई," चिंधू म्हणाला. "मी लेकरासारखी जपली, आणि त्या पोरीने वाट लावली."

संध्याकाळी नेत्राने सगळ्यांना रुचिकाच्या गॅरेजात जमवलं. मामा मुद्दाम विपुलच्या मागे उभे राहिले, पळाला तर धरायला.

"मामा, बसा. तो पळणार नाही," नेत्रा म्हणाली. "वाळू ऑइलात असती, तर आधी खालची बेअरिंगं गेली असती आणि जाळीत कचरा सापडला असता. खाली सगळं धड आहे. सिलिंडरच्या तळाशी नव्या बोअरच्या रेघा दिसतात, म्हणजे रुचिकाने काम चोख केलं होतं. झीज फक्त वर आहे. माती वरून आली, हवेतून."

"पण फिल्टर स्वच्छ हाय," रुचिका म्हणाली.

"तीच तर मेख आहे. दिवसा पूर्ण्याची धूळ, रात्री कापसाचा भुगा, आणि फिल्टर दुधासारखा? कुणीतरी तो सारखा साफ करत होतं. म्हणून स्क्रू झिजले. आणि फिल्टर स्वच्छ असूनही मामांच्या बोटाला माती लागली ती त्याच्या आतल्या, इंजिनाकडच्या बाजूला. मग ती आत गेली कुठून?"

तिने फिल्टरच्या आत मोबाइलचा टॉर्च लावला. कागदाच्या घड्यांमधून उजेडाचे बारीक बारीक ठिपके बाहेर आले. चाळण झाली होती त्याची.

"लूमच्या लोखंडाला कॉम्प्रेसरचा झोत काही करत नाही. हा कागद आहे, चिंधूदादा."

चिंधूने फिल्टर हातात घेऊन स्वतः उजेडाला धरला. "रोज फुंकायचो, शिफ्ट संपली की. वाटलं, गाडीला श्वास घ्यायला बरं."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, दादा," रुचिका म्हणाली. "पांढरा दिसला म्हणून मीही उजेडाला धरला नाय."

मनोजने हात जोडले. "मी तुझं नाव गावभर खराब केलं. आता घरोघरी जाऊन मीच खरं सांगतो. विपुलभाऊ, तुम्हीही ऐकलंत ना?"

"ऐकलं. काम चोख हाय पोरीचं," विपुल पुटपुटला.

महादूंनी टायरवाल्याला फोन लावला. "शेठ, गाळा द्यायचा नाय. भाड्याचा सवालच नाय. तिथं माझी लेक बसते. मिस्त्री हाय ती."

दिवसभर आवरून धरलेलं रडू रुचिकाला तेव्हा फुटलं. महादूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मामांनाही डोळे टिपावे लागले. जरा वेळाने तिने नाक पुसलं आणि सिलिंडर उचलला.

"मनोज, उद्या हा पुन्हा बोअरला पाठवते. गाडी ऱ्हाऊ दे इथंच."